नावामागचे नाव : ‘ओल्ड हिकरी’ आणि त्रेसष्ट वर्षांची वाट

आम्ही सातवीत असताना आमच्या शाळेत स्काउटचे पथक सुरू झाले. खाकी अर्धी चड्डी, खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ आणि हातात काठी. गणवेशाचे पैसे उभे करताना घरच्यांच्या नाकी नऊ आले. पण तो अंगावर चढवून वस्तीतून शाळेपर्यंत चालत जाताना जी छाती फुगायची, ती आजही आठवते. पथकाचे चार गट पाडले गेले : वाघ, सिंह, हत्ती आणि गरुड. आमच्या वस्तीतली सातही मुले गरुड गटात आली. सातच्या सात! गुरुजींना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुम्ही एकमेकांच्या ओळखीचे, तुम्हालाच बरे पडेल.’’

शिबिराला गेलो तेव्हा त्या ‘बरे पडेल’चा अर्थ कळला. प्रत्येक गटाने आपली चूल मांडून आपला स्वयंपाक करायचा होता. वाघ, सिंह आणि हत्ती गटांतली मुले एकमेकांच्या चुलीवरचे चाखत फिरत होती. गरुडाच्या चुलीकडे कोणी फिरकले नाही. नाव मात्र मोठे रुबाबदार होते. उंच उडणाऱ्या पक्ष्याचे!

ही जुनी आठवण आज काढायला एक कारण आहे. पुढे चळवळीत आल्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल जमेल तसे वाचत गेलो. महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यामुळे त्या देशाशी आपले नाते जुने आहे. त्याच वाचनात स्काउटच्या इतिहासातले एक नाव भेटले आणि आमच्या गरुड गटाची चूल पुन्हा डोळ्यांपुढे आली. ते नाव ‘ओल्ड हिकरी’. त्या नावाची गोष्ट वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटते, कारण ती परदेशातली असली तरी परकी नाही.

सर्वांत शेवटी उघडलेले दार

आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या जिल्हा संस्था असतात. अमेरिकेत त्या कामासाठी ‘कौन्सिल’ असते. काही तालुके-जिल्हे मिळून एक कौन्सिल, तिच्या पोटात छोटे विभाग आणि त्या विभागांत शाळा-चर्चच्या आश्रयाने चालणारी मुलांची पथके, अशी ती रचना आहे. प्रत्येक कौन्सिलला नाव असते. ते कधी शहराचे, कधी डोंगर-नदीचे, कधी एखाद्या थोर मानलेल्या माणसाचे. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या वायव्य भागातील विन्स्टन-सेलम या शहराच्या कौन्सिलचे नाव होते ‘ओल्ड हिकरी’.

अमेरिकेतील ‘बॉय स्काउट्स’ संघटना ८ फेब्रुवारी १९१० रोजी स्थापन झाली. (८ फेब्रुवारी २०२५ पासून तिने ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव घेतले आहे.) बंधुभाव हा स्काउटच्या नियमांतला चौथा नियम. स्काउट सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ, असा त्याचा आशय. पण हा भाऊ काळा असेल तर काय, हा प्रश्न आला तेव्हा राष्ट्रीय संघटनेने सोपी पळवाट काढली. निर्णय स्थानिक कौन्सिलवर सोपवून दिला. तिकडच्या शाळा जशा वागतील तसे स्काउटनेही वागावे, असे धोरण ठरले. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. म्हणजे पथकेही वेगळी. कागदावर बंधुभाव आणि गावात गावकीचा कायदा! हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

काळ्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी मात्र वाट पाहिली नाही. १९११ साली, म्हणजे संघटना स्थापन होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच, नॉर्थ कॅरोलिनातीलच एलिझाबेथ सिटी या गावात कृष्णवर्णीय मुलांचे पथक उभे राहिले. नोंद सापडते असे ते पहिले पथक. त्याला लगेच विरोधही झाला. काही ठिकाणी तर काळ्या मुलांनी स्काउटचा अधिकृत गणवेश घालण्यालाच गोऱ्यांची हरकत होती. कापड तेच, रंग तोच, शिलाई तीच. अंग काळे असले की त्या कापडाने गोऱ्यांचा मान जात होता. दलित नवरदेव घोड्यावर बसला की ज्यांचा मान जातो, त्यांचे हे भाऊबंद. १९२७ साली राष्ट्रीय संघटनेने ‘आंतरवंशीय सेवा’ नावाचा विभाग काढला आणि स्टॅन्ली हॅरिस यांच्याकडे त्याचे काम दिले. काळ्या मुलांची पथके वाढली. पण ती वाढली वेगळ्या खात्यात, वेगळ्या चुलीवर.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला. कौन्सिलांनी एकेक करून दारे उघडली. सर्वांत शेवटी दार उघडले ते ‘ओल्ड हिकरी’ कौन्सिलने, १९७४ साली. न्यायालयाच्या निकालानंतर वीस वर्षांनी आणि कायद्यानंतर दहा वर्षांनी. ज्या राज्यात काळ्या मुलांनी पहिले पथक उभे केले, त्याच राज्यात शेवटचे दार उघडायला त्रेसष्ट वर्षे लागली.

आता प्रश्न येतो तो नावाचा. कोण हा ‘ओल्ड हिकरी’?

हिकरीचे लाकूड आणि तिचा फोक

हिकरी हे अक्रोडाच्या कुळातले अमेरिकन झाड. लाकूड कमालीचे कठीण आणि चिवट. कुऱ्हाडीचे, हातोड्याचे दांडे त्याचेच करतात. ‘ओल्ड हिकरी’ म्हणजे या लाकडासारखा कणखर म्हातारा. हे टोपणनाव अँड्र्यू जॅक्सनचे. १८२९ ते १८३७ या काळात तो अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष होता. त्याचा जन्म दोन्ही कॅरोलिनांच्या सीमेवरचा, कर्तृत्व शेजारच्या टेनेसीतले. त्यामुळे त्या मुलखात हे नाव घरचे झाले. नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी या तीन राज्यांतील सैनिकांच्या तिसाव्या डिव्हिजननेही दोन्ही महायुद्धांत हेच नाव मिरवले.

टोपणनावामागची गोष्ट मुलांना सांगायला सोयीची आहे आणि ती खोटीही नाही. १८१२ साली इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झाले. टेनेसीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक घेऊन जॅक्सन दक्षिणेला मिसिसिपीकाठच्या नॅचेझपर्यंत गेला. तिथे १८१३ च्या आरंभी सरकारचा हुकूम आला की सैन्य जागच्या जागी मोडून टाका. घरापासून शेकडो मैल दूर, गाठीला पैसा नाही, कित्येक जण आजारी. जॅक्सनने हुकूम मानला नाही. आजाऱ्यांना घोडे आणि गाड्या दिल्या, स्वतःचे घोडेही दिले आणि आपण सैनिकांबरोबर पायी चालत सर्वांना घरी आणले. सैनिक म्हणू लागले, हा माणूस हिकरीसारखा चिवट आहे. नाव पडले ते पडलेच.

स्काउटला हवे ते सगळे या गोष्टीत आहे. पायी मजल, आजाऱ्याची सेवा, सोबत्याला न सोडणे. जॅक्सनचे हे वागणे चांगलेच होते, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण माणसाचे नाव मुलांच्या छातीवर लावायचे तर त्याच्या आयुष्यातले एवढेच दोन महिने सांगून भागते का? तो कुणाला सोडून आला नाही हे सांगायचे, तर त्याने कुणाला हाकलून लावले हेही सांगायला नको का?

जॅक्सन मोठा मळेवाला होता. टेनेसीत नॅशव्हिलजवळ ‘हर्मिटेज’ नावाचा त्याचा मळा होता आणि तिथला कापूस गुलामांच्या घामावर पिकत होता. १८४५ साली तो मेला तेव्हा त्याच्या मालकीची सुमारे दीडशे माणसे होती. माणसे! १८०४ साली त्याचा एक गुलाम पळून गेला. जॅक्सनने टेनेसीतल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पकडून आणणाऱ्याला पन्नास डॉलर बक्षीस. शिवाय पकडणाऱ्याने त्या माणसाला फटके मारावेत. दर शंभर फटक्यांमागे दहा डॉलर जादा मिळतील, तीनशे फटक्यांपर्यंत. ही जाहिरात कुणा विरोधकाने रचलेली नाही, छापील कागद उपलब्ध आहे. आजारी सैनिकाला स्वतःचा घोडा देणारा आणि पळालेल्या माणसाच्या पाठीवरच्या फटक्यांचा दर छापणारा, हे दोघे एकच.

फटक्यांवरून आठवले. हिकरीच्या लाकडाचे जसे दांडे होतात, तसे तिच्या कोवळ्या फांद्यांचे फोक होतात. शाळेत पोरांवर आणि मळ्यात गुलामांवर तेच चालत. एकाच झाडाचे नाव घेतले की कुणाला कणखरपणा आठवतो आणि कुणाला पाठ. कोणत्या नावाने कुणाला काय आठवते, हे तो कुठल्या बाजूला उभा होता त्यावर ठरते.

कुऱ्हाडीचा दांडा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपल्याकडे म्हणतात. चेरोकी या मूलनिवासी लोकांच्या नशिबी अगदी तेच आले. २७ मार्च १८१४ रोजी आजच्या अलाबामा राज्यात हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणावर जॅक्सनने क्रीक लोकांतील ‘रेड स्टिक’ बंडखोरांवर हल्ला केला. त्याच्या बाजूने सुमारे पाचशे चेरोकी लढले. त्यांच्यातल्या काहींनी पोहत नदी ओलांडून बंडखोरांच्या होड्या पळवल्या आणि मागून वाट मोकळी केली, म्हणून लढाई फिरली. त्या एका दिवसात आठशेहून अधिक क्रीक मारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या तहात जॅक्सनने क्रीकांकडून सुमारे दोन कोटी तीस लाख एकर जमीन लिहून घेतली. जे क्रीक त्याच्या बाजूने लढले होते, त्यांचीही जमीन त्यात गेली.

मग चेरोकींची पाळी आली. या लोकांनी काय केले नव्हते? सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या एका माणसाने १८२१ च्या सुमारास स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली. तो स्वतः हॉर्सशू बेंडच्या मोहिमेत जॅक्सनच्या बाजूला होता. १८२७ साली चेरोकींनी आपली लिखित राज्यघटना केली. १८२८ साली ‘चेरोकी फिनिक्स’ हे स्वतःच्या लिपीतले वर्तमानपत्र काढले. बाबासाहेबांना १९२० साली ‘मूकनायक’ का काढावा लागला हे ज्यांना कळते, त्यांना या वर्तमानपत्राचे मोल वेगळे सांगायला नको. लिपी आणली, घटना आणली, छापखाना आणला. सुधारा म्हणजे तुम्हाला मान मिळेल, असे सांगणाऱ्यांना दाखवायला सगळे होते. तरी जमीन हवी होती ती हवीच होती. तिथल्या डोंगरात सोने सापडले होते आणि सपाटीवर कापूस पिकत होता.

जॅक्सनच्या आग्रहाने २८ मे १८३० रोजी मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ इतक्या थोड्या मतांनी सुटला. म्हणजे हे चुकीचे आहे असे म्हणणारे त्या काळीही होते. ‘तेव्हा सगळेच तसे होते’ हा बचाव त्या पाच मतांच्या फरकाने खोटा ठरतो. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या भूमीत जॉर्जिया राज्याचा कायदा चालणार नाही असा निकाल दिला. त्या निकालाने चेरोकींची एक एकरही जमीन वाचली नाही. १८३५ साली त्यांचा छापखाना जप्त झाला. १८३८-३९ मध्ये, जॅक्सनच्या पश्चात आलेल्या सरकारने, त्याचेच धोरण पुढे नेत सुमारे सोळा हजार चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात घरातून काढले आणि शेकडो मैल पश्चिमेला नेले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले, असा अंदाज आहे. त्या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. हीदेखील एक पायी मजलच होती. तिथे आजाऱ्याला आपला घोडा देणारा सेनापती नव्हता.

जुनालस्का नावाचा चेरोकी योद्धा हॉर्सशू बेंडला होता. लढाईत त्याने जॅक्सनचा जीव वाचवला, असे त्याचे लोक सांगत आले आहेत. पुढे काय होणार हे माहीत असते तर आपणच त्याला त्या दिवशी मारले असते, असे तो म्हणाल्याचेही सांगतात. त्यालाही पश्चिमेला हाकलले गेले. तो पायी चालत नॉर्थ कॅरोलिनात परत आला. १८४७ साली त्या राज्याने त्याला नागरिकत्व आणि थोडी जमीन दिली. त्याची समाधी त्याच राज्यात, रॉबिन्सव्हिल गावात आहे.

आता स्काउटकडे परत येऊ. अमेरिकेतील स्काउटने मूलनिवासींची नावे भरभरून घेतली. पहिला ‘चीफ स्काउट’ अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन याने १९०२ पासूनच मूलनिवासींच्या जीवनावर बेतलेली मुलांची संघटना चालवली होती. डकोटा लोकांतून आलेला डॉक्टर चार्ल्स ईस्टमन, मूळ नाव ओहियेसा, याने १९१४ साली स्काउट मुलांसाठी पुस्तक लिहिले. १९१५ साली स्काउटमध्येच ‘ऑर्डर ऑफ द अ‍ॅरो’ नावाचा बंधुसंघ निघाला आणि त्याने लेनापे लोकांच्या भाषेतून आपले शब्द घेतले. टेनेसीत एका कौन्सिलला सिक्वोयाचे नाव मिळाले. त्याच राज्यातील चॅटानूगा शहराच्या कौन्सिलला ‘चेरोकी’ हे नाव मिळाले. या चॅटानूगाच्या जागी पूर्वी रॉस लँडिंग नावाचा धक्का होता. १८३८ साली चेरोकींना होड्यांत बसवून कायमचे पाठवले गेले, ते तिथून!

म्हणजे पाहा, शेजारी शेजारी दोन राज्ये. एका कौन्सिलला हाकलणाऱ्याचे नाव, दुसरीला हाकललेल्यांचे. दोन्ही नावे सारख्याच रंगीत बिल्ल्यांवर शिवलेली. मुले दोन्ही बिल्ले जमवतात आणि अदलाबदल करतात. माणसे गेली, जमीन गेली, बिल्ला उरला. आम्हाला वाटते, नाव देणे हा नेहमीच सन्मान नसतो. कधी कधी तो हिशेब मिटवल्याची पावती असतो. पावती देणारा मात्र घेणाऱ्याला विचारत नाही.

शांतीचे गाव

ज्या शहरात ‘ओल्ड हिकरी’चे दार शेवटपर्यंत बंद राहिले, त्याच्याही नावाकडे पाहिले पाहिजे. विन्स्टन आणि सेलम ही दोन गावे १९१३ साली एक झाली. सेलम या शब्दाचा अर्थ शांती. १७६६ साली मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी ते वसवले. ते एकमेकांना बंधू-भगिनी म्हणत. त्यांच्या चर्चच्याच मालकीचे गुलाम होते. आरंभी काळे आणि गोरे एकाच प्रार्थनेला बसत. पुढे मेल्यावर पुरायची जागा वेगळी झाली, आणि १८२३ साली काळ्यांसाठी लाकडी ओंडक्यांचे वेगळे चर्च बांधले गेले. म्हणजे बंधुभावाच्या घोषणेखाली भिंत बांधायची विद्या या गावाला स्काउट येण्याआधी जवळजवळ शंभर वर्षे अवगत होती. त्याच काळ्यांच्या चर्चमध्ये, नंतरच्या विटांच्या इमारतीत, २१ मे १८६५ रोजी गुलामांच्या मुक्तीची घोषणा वाचून दाखवण्यात आली.

पण गावाची दुसरी परंपराही आहे आणि ती आपल्याला जवळची आहे. या शहरात तंबाखूचे मोठे कारखाने होते. जून १९४३ मध्ये तिथल्या काळ्या कामगार बायकांनी यंत्रे थांबवली आणि त्यातून ‘लोकल २२’ ही झुंजार युनियन उभी राहिली. १९४७ साली या शहराने एका काळ्या धर्मोपदेशकाला नगरसेवक म्हणून निवडून दिले. फेब्रुवारी १९६० मध्ये शेजारच्या ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव खाणावळीच्या टेबलाशी बसून राहिले. आठवड्याभरात विन्स्टन-सेलममध्येही तेच आंदोलन सुरू झाले आणि २५ मे १९६० रोजी दुकानदारांना त्या खाणावळी सर्वांना खुल्या कराव्या लागल्या. महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांचे वारस आपण. एका कप कॉफीसाठी माणसे मार खायला का तयार होतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

तंबाखू कामगार जिंकले, खाणावळ उघडली, शाळांची भिंत कायद्याने पाडली. मुलांच्या पथकाची भिंत मात्र आणखी चौदा वर्षे टिकली. असे का? आमचे मत असे की, बाजारात आणि कारखान्यात माणसे कामापुरती एकत्र येतात. पथकात मुले एका तंबूत झोपतात, एका चुलीवरचे खातात, हातात हात घेतात. स्काउट तर डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हृदयाच्या बाजूचा हात म्हणून. व्यवस्थेला खरी भीती या स्पर्शाची असते. मुले एका ताटात जेवली तर पुढची पिढी हाताला राहत नाही, हे अस्पृश्यता पाळणाऱ्याला जेवढे कळते तेवढे बंधुभावावर भाषण करणाऱ्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच विन्स्टन-सेलममध्ये त्याच काळात ‘ब्लॅक पँथर पार्टी’ची शाखा होती. याच पँथरांपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. काळ्यांच्या वस्तीत रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, आली तर पैशासाठी अडते, अशी तक्रार होती. तेव्हा तिथल्या पँथरांनी सत्तरच्या दशकात स्वतःची मोफत रुग्णवाहिका सुरू केली. तिला नाव दिले जोसेफ वॉडेल या आपल्या तुरुंगात मेलेल्या सोबत्याचे. आता ही दोन नावे शेजारी ठेवा. एक नाव राष्ट्राध्यक्षाचे, त्या नावाखाली मुलांना वेगळे ठेवले गेले. दुसरे नाव कुणाला ठाऊक नसलेल्या एका तरुणाचे, त्या नावाखाली आजारी माणसाला दवाखान्यात पोचवले गेले. आजाऱ्याला सोबत घेऊन चालण्याची जी गोष्ट ‘ओल्ड हिकरी’च्या नावाने सांगितली जाते, ती त्या शहरात प्रत्यक्ष कोण जगत होते?

नाव, पाटी आणि आपण

१९७४ साली कौन्सिलचे दार उघडले. नाव तेच राहिले. काळ्या मुलांनाही तोच बिल्ला मिळाला. पळालेल्या गुलामाच्या फटक्यांचा भाव ठरवणाऱ्याचे टोपणनाव त्यांच्या खांद्यावर आले. कुणी मुद्दाम त्यांना डिवचले असेल असे आम्ही म्हणत नाही. कुणाच्या मनातही आले नसेल, हीच तर खरी गोम आहे.

नावे बदलतात तेव्हा काय होते हेही त्याच राज्यात दिसले. गुलामीसाठी लढलेल्या सेनापती ब्रॅक्स्टन ब्रॅगचे नाव असलेला तिथला लष्करी तळ २०२३ साली ‘फोर्ट लिबर्टी’ झाला. २०२५ साली तो पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’ करण्यात आला. या वेळी सांगण्यात आले की हा ब्रॅग दुसरा, दुसऱ्या महायुद्धातला एक साधा सैनिक. त्या सैनिकाच्या शौर्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण जुने नाव परत आणण्यासाठी नवा माणूस शोधावा लागला, यातच सगळे आले. जॅक्सनचे चित्र १९२८ पासून वीस डॉलरच्या नोटेवर आहे. त्याच्या जागी गुलामांना पळवून मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे चित्र घेण्याची घोषणा २०१६ साली झाली, पण अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. प्रस्थापितांना नावात काही नसते, तर ते सोडायला त्यांना एवढा वेळ का लागतो?

हा प्रश्न आपण मराठवाड्यात विचारून झालेला आहे. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी ठराव केला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत पोचीराम कांबळेंपासून गौतम वाघमारेंपर्यंत किती जणांनी किंमत मोजली, ते या पानाच्या वाचकांना पाठ आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. ते योग्यच झाले. आमच्या वस्तीच्या तोंडाशीही नवी पाटी लागली.

पण ‘ओल्ड हिकरी’ची गोष्ट आपल्यालाही दोन प्रश्न विचारते. त्यांच्या कौन्सिलने नावामागची अर्धी गोष्ट सांगितली. आपण आपल्या मुलांना किती सांगतो? आमच्या वस्तीत सभागृहाला बाबासाहेबांचे नाव आहे, वाचनालयाला सावित्रीबाईंचे आहे. सभागृह लग्नाला भाड्याने जाते. वाचनालयाला दोन वर्षे कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे यावर दोन गटांत वाद आहे. पाटी मात्र दर एप्रिलला रंगते. ज्यांनी नावासाठी रक्त सांडले त्यांनी पाटीसाठी सांडले नव्हते. नाव म्हणजे दिलेला शब्द असतो. तो पाळला नाही तर थोराचे नावसुद्धा नुसता बिल्ला होऊन जाते, आणि बिल्ले कसे अदलाबदलीला निघतात ते आपण वर पाहिलेच.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठवले. दुसऱ्याच्या लढ्यातून आपल्या उपयोगाचे घ्यायचे, ही शिकवण त्यातून घेण्यासारखी आहे. म्हणून आम्ही एक छोटे काम सुचवतो. येत्या सुट्टीत वस्तीतल्या मुलांना गोळा करा आणि त्यांच्याकडून वस्तीची, चौकाची, शाळेची, सभागृहाची नावे लिहून घ्या. हे नाव कुणाचे, कधी पडले, आधी काय होते आणि ते कुणी बदलवले, हे त्यांना म्हाताऱ्यांकडून विचारून आणायला सांगा. पूर्ण गोष्ट आणायला सांगा, गोडही आणि कडूही. स्काउटमध्ये वाट शोधण्याच्या खुणा शिकवतात, ही त्यातलीच एक खूण समजा.

आम्ही स्वतः या उन्हाळ्यात हे केले. ज्या शाळेत आमचा गरुड गट होता, तिथे आज स्काउटचे पथक नाही. पण तेव्हाच्या सातांपैकी चौघे अजून गावातच आहेत. एका संध्याकाळी आम्ही त्यांना आणि वाघ गटातल्या एकाला वाचनालयाच्या ओट्यावर बसवले. पोरांनी विचारले, तुमच्या गटाला गरुड नाव का दिले होते? आम्ही चौघे-पाचजण एकमेकांकडे पाहत राहिलो. उत्तर दिले ते वाघ गटातल्या मित्राने. मान खाली घालून तो म्हणाला, ‘‘नाव त्यांना दिले होते, जेवायला मात्र आम्ही बोलावले नाही.’’ पन्नास वर्षांनी का होईना, पूर्ण गोष्ट सांगितली गेली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाची किल्ली सापडली.